सोळास एक : एका जुन्या प्रमाणाचे वाचन

अमेरिकेत १९५० च्या दशकात तयार झालेली एखादी चेनसॉ, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत, आज कुणाच्या हाती आली तर तिच्या टाकीवरच्या पट्टीवर किंवा सोबतच्या पुस्तिकेत बहुधा अशा अर्थाची एक सूचना आढळते : एक गॅलन पेट्रोलमध्ये अर्धा पाइंट तेल मिसळावे. गॅलनात पाइंट आठ. म्हणजे सोळा भाग पेट्रोल आणि एक भाग तेल. सूचना एका ओळीची. तिच्यात अलंकार नाही, वरवर पाहता संदिग्धताही नाही. तरीही जुनी यंत्रे जपणारी मंडळी या ओळीवरून जो वाद घालतात तो ऐकला, की आम्हा साहित्य शिकवणाऱ्यांना तो फार ओळखीचा वाटतो. एक पक्ष म्हणतो, ज्याने यंत्र घडवले त्यानेच हे लिहिले आहे, तेव्हा अक्षर न बदलता ते पाळावे. दुसरा म्हणतो, लिहिणाऱ्याच्या वेळचे तेल आज राहिलेले नाही, तेव्हा पट्टीकडे न पाहता आजच्या डब्यावर लिहिलेले पन्नासास एक हे प्रमाण घ्यावे. आमच्या चर्चासत्रांतून असे वाद वर्षानुवर्षे चालतात आणि चहाच्या वेळी मिटतात. येथे मात्र अर्थ चुकला तर पिस्टन सिलिंडरला चिकटतो, आणि ज्याचे सुटे भाग मिळणे कधीचेच बंद झाले आहे असे सत्तर वर्षांचे यंत्र काही मिनिटांत निकामी होते.

पेट्रोलमध्ये मुळात तेल का घालावे लागते, हे आधी पाहिले पाहिजे. मोटारीच्या इंजिनात तेलाचा साठा तळाशी वेगळा असतो. टू-स्ट्रोक इंजिनात तशी सोय नसते. स्कॉटिश अभियंता ड्यूगल्ड क्लार्क याने दोन धावांत आवर्तन पूर्ण करणारे इंजिन १८८० च्या आसपास सिद्ध केले होते. पण आज आपण ज्याला टू-स्ट्रोक म्हणतो त्या साध्या रचनेचे श्रेय इंग्लंडमधील बाथ या गावच्या जोसेफ डे याच्याकडे जाते. त्याने १८९० च्या सुमारास क्रँककेसलाच पंपाचे काम दिले. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आधी पिस्टनखालच्या त्या बंद पेटीत येते, तेथे दाबले जाते आणि मग वर सिलिंडरमध्ये जाते. ज्या जागेत एरवी तेल साठले असते तेथून इंधनाची ये-जा सुरू झाल्यावर तेलाने राहावे कुठे? पुढे त्यावर निघालेला तोडगा म्हणजे तेल इंधनाबरोबरच पाठवायचे. त्याने जाता जाता बेअरिंगांना, कनेक्टिंग रॉडला, सिलिंडरच्या भिंतीला स्पर्श करीत जायचे आणि अखेरीस जळून जायचे. अशा इंजिनाला तेलाचा साठा नसतो, केवळ तेलाचा प्रवाह असतो, आणि तो प्रवाह ठरतो पेट्रोलच्या डब्यात कुणीतरी मापाने ओतलेल्या त्या एका भागावर.

करवतीला ही रचना मानवली याचे कारण उघड आहे. तळाशी तेल साठवणारे इंजिन आडवे किंवा उलटे केले की तेल जागा सोडते. झाड तोडणाऱ्याला तर यंत्र नाना कोनांत धरावे लागते. जर्मनीत एमिल लेर्प याने १९२७ साली थुरिंगियातील डोल्मार या डोंगरावर पेट्रोलवर चालणारी करवत चालवून पाहिली आणि तिला डोंगराचेच नाव दिले. ती ५८ किलोंची होती आणि दोघांनी धरावी लागे. आंद्रेआस श्टील याने १९२६ साली श्टुटगार्टमध्ये आरंभ केला तो विजेच्या करवतीने; त्याची पेट्रोलची करवत १९२९ ची. एका माणसाने उचलावे असे यंत्र होण्यास महायुद्ध संपावे लागले. १९४९ साली मॅककुलक कंपनीने बाजारात आणलेल्या ‘३-२५’ या करवतीचे नावच तिचा परिचय देते : तीन अश्वशक्ती, पंचवीस पौंड वजन. (याच रॉबर्ट मॅककुलक याने पुढे १९६८ साली लंडनचा जुना पूल विकत घेतला आणि त्याचे दगड ॲरिझोनाच्या वाळवंटात नेऊन पुन्हा उभे केले. ओरेगनच्या जोसेफ कॉक्सने लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून १९४७ च्या सुमारास नवी साखळी घडवली. या धंद्यात कल्पक माणसांची वाण नव्हती.) १९५९ साली श्टीलची ‘कॉन्ट्रा’ आली, सुमारे १२ किलोंची आणि सहा अश्वशक्तीची. अडीच दशकांत दोघांचे ओझे एकाच्या हातात आले. इंजिने हलकी झाली, वेगवान झाली आणि अधिक तापू लागली. तेलावरचा भार त्या प्रमाणात वाढला. असे असूनही पुढच्या काळात तेलाचे प्रमाण वाढण्याऐवजी घटतच गेले. सोळास एक होते ते बत्तीसास एक झाले, चाळीसास एक झाले, शेवटी पन्नासावर आले. हे कसे घडले, या प्रश्नातच पट्टीवरच्या ओळीचा अर्थ दडलेला आहे.

त्या आधी आकड्यांकडेच जरा थांबून पाहू. सोळा आणि बत्तीस हे आकडे प्रयोगशाळेतून आलेले दिसत नाहीत. गॅलनात आठ पाइंट धरले, की अर्धा पाइंट म्हणजे सोळावा भाग आणि पाव पाइंट म्हणजे बत्तिसावा. रानात काम करणाऱ्या माणसाजवळ असलेल्या मापांनी जे सहज मोजता येईल ते प्रमाण ठरले. जर्मनीत गॅलन-पाइंट नव्हते, तेथे लिटर आणि शेकडेवारी. म्हणून तेथले आकडे वीस, पंचवीस, चाळीस, पन्नास असे, म्हणजे पाच, चार, अडीच आणि दोन टक्के. अमेरिकी यंत्राने सोळा म्हणावे आणि युरोपीय यंत्राने वीस, यात दोन धातूंचा किंवा दोन इंजिनांचा भेद असेलच असे नाही. पुष्कळदा तो दोन मापट्यांचा भेद असतो. आमच्याकडे शेर-पायलीच्या हिशेबात लिहिलेले जुने कागद वाचताना जी सावधगिरी लागते तीच येथे लागते. अमेरिकेचा गॅलन सुमारे पावणेचार लिटरचा. ब्रिटिश गॅलन साडेचार लिटरहून थोडा मोठा, आणि शेजारच्या कॅनडात तोच चालत असे. समजा, कॅनडातल्या एखाद्या लाकूडतोड्याने आपल्या गॅलनात अमेरिकी अर्ध्या पाइंटाची बाटली ओतली. तर सूचना तंतोतंत पाळूनही त्याचे मिश्रण सोळाचे न होता एकोणिसाच्या घरात जाई. आणि त्याची करवत तरीही चालली असती. सोळा या आकड्यात सैलपणा होता, जाणूनबुजून ठेवलेला होता, हे यावरून ध्यानात येते.

सैलपणा ठेवावा लागला तो ‘तेल’ या शब्दामुळे. आपल्याकडे हा शब्द मुळात तिळाचा. तिळापासून निघते ते तैल. पुढे तो इतका रुंदावला की शेंगदाण्याचेही तेल झाले आणि जमिनीतून निघालेलेही तेलच झाले. पट्टीवरच्या ‘तेल’ या शब्दाचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला आहे. १९५० च्या आसपास त्याचा अर्थ होता मोटारीत घालायचे साधे तीस किंवा चाळीस नंबरचे खनिज तेल. कुठल्याही गॅरेजात मिळणारे, घट्ट, आणि टू-स्ट्रोक इंजिनात जळण्यासाठी न बनवलेले. त्याचा पातळ थर पेट्रोलने धुऊन निघे, म्हणून पुष्कळ घालावे लागे. धूर होई, निकास-छिद्रात काजळी साचे, स्पार्क प्लग वरचेवर काढून पुसावा लागे. तरी बेअरिंग वाचे. कोणत्या कंपनीचे तेल ग्राहक ओतील याची शाश्वती नसताना लिहिणाऱ्याने वाईटात वाईट तेल गृहीत धरून आकडा ठरवला. सोळास एक हे यंत्राच्या भुकेचे वर्णन नसून तत्कालीन तेलावरच्या अविश्वासाचे माप आहे, असे आमचे मत झाले आहे.

हे मत केवळ तर्कावर उभे नाही. कंपन्यांच्या पुस्तिकांतच त्याचा पुरावा आहे. खास टू-स्ट्रोक इंजिनांसाठी बनवलेली तेले निघू लागल्यावर अनेक पुस्तिका एकाच यंत्रासाठी दोन आकडे देऊ लागल्या : आमचे तेल वापराल तर इतके, दुसरे कुठले वापराल तर दुप्पट. श्टीलच्या पुस्तिकांत दीर्घकाळ स्वतःच्या तेलासाठी पन्नासास एक आणि इतरांच्या टू-स्ट्रोक तेलासाठी पंचवीसास एक असे छापलेले असे. यंत्र तेच, बेअरिंगे तीच, पेट्रोल तेच, आणि तेलाची मात्रा एकपट किंवा दोनपट! यात माल खपवण्याची युक्ती नाही असे कोण म्हणेल? पण युक्तीच्या पोटात सत्यही आहे. १९९४ साली जपानमध्ये टू-स्ट्रोक तेलांची प्रतवारी ठरली. वंगणशक्ती, स्वच्छता, धूर आणि निकासमार्ग तुंबण्याची प्रवृत्ती अशा कसोट्यांवर तेलांना एफए, एफबी, एफसी अशा श्रेणी मिळाल्या आणि पुढे त्यांत एफडी ही वरची श्रेणी आली. तेव्हापासून डब्यावरची दोन अक्षरे पाहून तेलावर विश्वास ठेवता येऊ लागला. ज्या अविश्वासापोटी सोळा हा आकडा आला त्याचे कारणच बऱ्याच अंशी संपले.

संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली तेव्हा प्रश्न पाठाचा होता; लेखकू-पाठकांच्या हातून अक्षरे बदलली होती. करवतीच्या पट्टीवरचे एकही अक्षर बदललेले नाही. पाठ शुद्धच आहे. शब्द ज्या वस्तूकडे बोट दाखवत होता ती वस्तू मात्र जागेवरून हलली आहे. अशा वेळी अभिधेला चिकटून राहणाऱ्याची काय गत होते, याचे दोन प्रकार सांगण्याजोगे आहेत. पहिला वाचक आजचे उत्तम टू-स्ट्रोक तेल सोळास एक घालतो. त्याचे यंत्र धुराने भरते, प्लग ओला होतो, सायलेन्सर काजळीने तुंबतो. नुकसान होते, पण हळूहळू. दुसरा वाचक अधिक निष्ठावान असतो. पट्टीवर तीस नंबरचे मोटार-तेल लिहिले आहे ना, मग तो आजचे मोटार-तेल आणतो. आजच्या मोटार-तेलात इंजिन स्वच्छ ठेवण्यासाठी कॅल्शियम, जस्त अशा धातूंची संयुगे असतात. मोटारीत ते तेल जळावे अशी अपेक्षा नसते. करवतीत ते जळते, मागे राख उरते, ती पिस्टनच्या माथ्यावर आणि प्लगच्या टोकाशी साचते, आणि तापलेली राख ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवू शकते. शब्दाशी अधिक प्रामाणिक राहणारा माणूस येथे यंत्राला अधिक मोठी इजा करतो. (होड्यांच्या इंजिनांसाठी मिळणारे टीसी-डब्ल्यू ३ तेलही ‘टू-स्ट्रोक’च म्हणवते, ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांचे, हवेवर थंड होणाऱ्या करवतीचे नव्हे.)

तेल जास्त पडले तर बिघडले कुठे, ही समजूत आमच्या पिढीला परकी नाही. १९७२ साली आलेल्या चेतक स्कूटरवर आणि त्याच वर्षीच्या लूनावर महाराष्ट्रातली अर्धीअधिक मध्यमवर्गीय घरे फिरली आहेत. पंपावर ‘लिटरला वीस’ म्हणजे वीस मिलिलिटर, पन्नासास एक, हे प्रमाण शाळकरी पोरांनाही पाठ असे. आणि तरीही ‘थोडं जास्तच टाका’ असे सांगणारे काका प्रत्येक रांगेत असत. रिक्षांची गोष्ट त्याहून वाईट. सुटे, स्वस्त, कसलेही तेल आणि तेही अंदाजाने. १९९८ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीपुरता आदेश दिला, की ३१ डिसेंबर १९९८ पर्यंत पंपांवरून सुट्या टू-टी तेलाची विक्री बंद व्हावी आणि टू-स्ट्रोक वाहनांना आधीच मिसळलेले इंधनच मिळावे. एका प्रमाणाची काळजी घेण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला लक्ष घालावे लागले, ही नोंद आमच्या मते यंत्रांच्या इतिहासाइतकीच समाजाच्या इतिहासातही असायला हवी.

जास्त तेलाने होणारा एक तोटा या काकांना ठाऊक नसे. कार्ब्युरेटर मोजतो तो एकूण द्रव. त्यात पेट्रोल किती आणि तेल किती हे त्याला कळत नाही. सोळास एक मिश्रणात जवळजवळ सहा टक्के जागा तेलाची असते, पन्नासास एकमध्ये दोन टक्क्यांची. तेल वाढवले की त्याच छिद्रातून जाणारे पेट्रोल तेवढे कमी होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि इंधन कमी पडलेले इंजिन अधिक तापते. म्हणून प्रमाण बदलले की कार्ब्युरेटरचे स्क्रू पुन्हा लावावे लागतात. जाणकार ते कानाने लावतात. पूर्ण वेगात, लाकडाला न टेकवता, इंजिनाचा आवाज किंचित अडखळता, भरडा हवा. लाकडात शिरताच तो स्वच्छ व्हायला हवा. रिकाम्या हवेतच आवाज तार सप्तकात जाऊन स्थिर झाला, तर इंधन अपुरे आहे असे समजून यंत्र ताबडतोब बंद करावे.

आतापर्यंतची चर्चा ‘तेल’ या शब्दाची झाली. पण आमच्या दृष्टीने त्या ओळीतला अधिक धोक्याचा शब्द दुसराच आहे. ‘पेट्रोल’ या शब्दापुढे पट्टीवर बहुधा फार तर ‘साधे’ एवढेच विशेषण असते. लिहिणाऱ्याला त्यावर अधिक सांगावेसे वाटले नाही, कारण त्याबाबत शंका असू शकते हेच त्याच्या ध्यानी येण्याजोगे नव्हते. जे सर्वांना ठाऊक ते कुणी लिहीत नाही, आणि काळ लोटल्यावर नेमके तेच हरवते.

पेट्रोलमधून शिसे गेले, भारतात ते २००० सालापर्यंत गेले, तेव्हा जुन्या यंत्रांच्या मालकांत मोठी घबराट झाली होती. मोटारींबाबत तिला काही आधार होता, कारण शिशामुळे व्हॉल्व्हच्या बैठका टिकत. टू-स्ट्रोक करवतीला असले व्हॉल्व्हच नाहीत. शिसे गेल्याने तिचे काही बिघडले नाही. उलट प्लग स्वच्छ राहू लागले. खरा बदल आला तो इथेनॉलच्या रूपाने. अमेरिकेत २००५ च्या ऊर्जा कायद्यानंतर दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र पसरले, जर्मनीत ते २०११ साली आणि ब्रिटनमध्ये २०२१ साली आले. भारतात २०२५ पर्यंत हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. आपल्या उसाच्या पट्ट्यातील कारखान्यांना त्याने आधार दिला हे महाराष्ट्रात कुणी नाकारणार नाही. येथे प्रश्न फक्त जुन्या इंजिनाचा आहे.

इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू असतो. ते मिसळल्याने इंधन जणू आधीच थोडी हवा बरोबर घेऊन येते, आणि स्क्रू जुन्याच जागी असले तर इंजिन कोरडे, तापट चालते. जुन्या करवतींचे रबरी पडदे आणि नळ्या त्याने फुगतात किंवा कडक होतात. तिसरी गोष्ट सर्वांत वाईट. इथेनॉल हवेतली ओल शोषते. दहा टक्क्यांच्या पेट्रोलमध्ये पाण्याचे प्रमाण ढोबळमानाने अर्ध्या टक्क्यापाशी पोहोचले, की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि जड असल्याने तळाशी बसतात. तेल मात्र वरच्या पेट्रोलबरोबर राहते. करवतीच्या टाकीत इंधन ओढणाऱ्या नळीच्या टोकाला वजनदार फिल्टर बांधलेला असतो. यंत्र कसेही धरले तरी त्याने इंधनात बुडून राहावे अशी ती योजना. त्या योजनेमुळेच तो आता बरोबर तळाच्या थरात बुडतो. टाकीत सोळास एक असो की पन्नासास एक असो, इंजिन जे ओढते त्यात तेलच नसते. पावसाळाभर कोकणात एखाद्या पडवीत ठेवलेल्या अर्ध्या डब्याची अशी अवस्था होणे मुळीच अवघड नाही.

म्हणून आमचा कल असा आहे. रोलर किंवा नीडल बेअरिंग असलेल्या, १९५० ते १९७० या काळातल्या करवतीत एफसी किंवा एफडी श्रेणीचे तेल बत्तीसास एक घालावे, म्हणजे लिटरला सुमारे ३१ मिलिलिटर; इंजिन नीट बसलेले आणि काम हलके असेल तर चाळीसास एक, म्हणजे २५. पन्नासाचा आग्रह जुन्या यंत्राबाबत आम्हाला पटत नाही. त्यातून वाचते ते काही थेंब तेल, आणि जुन्या झिजलेल्या बेअरिंगांसाठी तो सैलपणा आजही हवा. ज्या फार जुन्या इंजिनांत क्रँकला साध्या ब्राँझच्या बुशी आहेत त्यांच्याबाबत मात्र पट्टीवरचा आकडाच चालू ठेवावा. तेथे सोळा हा केवळ अविश्वासाचा आकडा नाही, बुशीला तेवढे तेल खरोखरच लागते. बुश आहे की नीडल, हे पुस्तिकेतल्या सुट्या भागांच्या यादीत पाहावे, तर्काने ठरवू नये. पेट्रोल मिळेल तेथे इथेनॉलविरहित घ्यावे. युरोप-अमेरिकेत यासाठी आधीच मिसळलेले, वर्षानुवर्षे न बिघडणारे इंधन डब्यात मिळते. महाग असते, पण वर्षाकाठी दोन लिटर जाळणाऱ्याला परवडते. ते न मिळाल्यास महिनाभरात संपेल इतकेच मिसळावे, आणि काम झाले की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. साखळीसाठीचे तेल निराळे. त्याची टाकी निराळी, ते चिकट असते, आणि ते पेट्रोलमध्ये घालायचे नसते.

पट्टी खरवडून काढू नये. मिश्रणाच्या डब्याला एक चिठ्ठी बांधावी आणि तिच्यावर तेलाचे नाव, श्रेणी, प्रमाण, पेट्रोल कुठले ते, आणि मिसळल्याची तारीख लिहावी.